गव्हाचा त्रास, जुनाट आजार आणि होमिओपॅथी : गोळ्यांनी गहू पुन्हा पचू लागतो का?

जुळे सोलापूर (प्रश्न; येथे प्रत्येक लिहिणाऱ्याच्या नावाऐवजी त्याचा भाग दिला आहे)

सर्वांना नमस्कार. माझ्या नणंदेच्या प्रकृतीविषयी मार्गदर्शन हवे आहे. तिचे वय ३१ आहे. गेली काही वर्षे तिला पोट फुगणे, जेवणानंतर जडपणा, मधूनमधून पातळ शौचाला होणे, केस गळणे आणि सततचा थकवा असा त्रास आहे. हिमोग्लोबिन साडेआठच्या आसपास असते. लोहाच्या गोळ्या सुरू असेपर्यंत थोडे वर येते आणि गोळ्या थांबल्या की पुन्हा उतरते. थायरॉइडची गोळी चालू आहे आणि तिची मात्राही वाढवावी लागली आहे. इतके डॉक्टर झाले, पण प्रत्येकाने एकेका तक्रारीवर औषध दिले. सगळ्या तक्रारी एकत्र मांडून कोणी पाहिले नाही.

शेवटी तिने आमच्या भागातील एका होमिओपॅथिक डॉक्टरांकडे जायला सुरुवात केली. त्यांनी पहिल्या भेटीत तासभर बसवून तिचे सगळे ऐकून घेतले, याचे तिला फार अप्रूप वाटले. चपाती खाल्ल्यावर त्रास वाढतो हे त्यांनीच नेमके हेरले. त्यांनी आधी लायकोपोडियम आणि नंतर नेट्रम म्यूर दिले. सोबत गहू, ज्वारी, बाजरी, तांदूळ अशी सर्व धान्ये बंद करायला सांगितली, कारण त्यांच्या मते धान्य हेच जुनाट आजारांचे मूळ आहे. आता तीन महिने होत आले. पोट फुगणे बरेच कमी झाले आहे, पण वजन उतरले आहे आणि अशक्तपणा जाणवतो. लहानपणापासून ज्वारीची भाकरी खाऊन तिला कधीही त्रास झालेला नव्हता, म्हणून भाकरी बंद करण्याचे कारण मला समजलेले नाही.

दिवाळीनंतर घरात लग्नकार्य आहे. तोपर्यंत मूळ दोष निघून जाईल आणि ती पुन्हा गहू खाऊ शकेल, कोणत्याही तपासणीची आवश्यकता नाही, असे तिला सांगण्यात आले आहे. होमिओपॅथीच्या मूळ ग्रंथांत आहार आणि जुनाट आजार यांच्याविषयी खरोखर काय म्हटले आहे, आणि गव्हाची तपासणी करून घ्यावी की नाही, हे जाणकारांनी कृपया सांगावे. तिचा त्या डॉक्टरांवर विश्वास आहे आणि तो मोडावा अशी माझी इच्छा नाही.

सात रस्ता

ताई, मी बी.एच.एम.एस. असून बरीच वर्षे याच शहरात होमिओपॅथीची प्रॅक्टिस करतो, त्यामुळे आमच्या शास्त्राच्या बाजूने जे सांगायचे ते स्पष्टपणे सांगतो. आपल्या प्रश्नात तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या गेल्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे रोग्याच्या खाण्यापिण्याची विचारपूस. कोणत्या पदार्थाने त्रास वाढतो, कशाने बरे वाटते, कशाची ओढ आहे आणि कशाची शिसारी आहे, हे आमच्याकडे बारकाईने विचारले जाते. केंट या होमिओपॅथच्या १८९७ मधील रेपर्टरीपासून (लक्षणांपुढे औषधे मांडलेल्या सूचीपासून) पुढच्या सर्व रेपर्टरींमध्ये ब्रेड आणि पिठूळ पदार्थांनी त्रास वाढणे ही स्वतंत्र नोंद आहे, आणि नेट्रम म्यूर, लायकोपोडियम, पल्सेटिला यांचा विचार अशा नोंदींवरून होतो. तेव्हा आपल्या डॉक्टरांनी चपातीचा संबंध ओळखला हे त्यांच्या कामाचे चांगले लक्षण आहे. मात्र ही नोंद औषध निवडण्यासाठी आहे. गव्हाने त्रास का होतो, याचे निदान त्यातून होत नाही. एकाच तक्रारीमागे चार निरनिराळी कारणे असू शकतात, आणि रेपर्टरीच्या पानावर ती चारही सारखीच दिसतात.

दुसरी गोष्ट जुनाट आजारांच्या उपपत्तीची. होमिओपॅथीचे जनक सॅम्युअल हानेमान यांनी १८२८ मध्ये जुनाट रोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात सोरा, सायकोसिस व सिफिलिस अशी तीन मुळे मांडली. त्यांपैकी सोराचा उगम त्यांनी खाजेच्या संसर्गात मानला होता, धान्यात नव्हे. ही उपपत्ती आजच्या वैद्यकाला मान्य नाही, आणि आमच्यातही तिचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या परीने लावतो. पण कोणत्याही अर्थाने पाहिले तरी सर्व धान्ये बंद करण्याचा आदेश तिच्यातून निघत नाही. तो अलीकडच्या आहारपद्धतींतून आलेला विचार आहे आणि होमिओपॅथीच्या नावावर खपवला जातो, याचे मला वाईट वाटते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हानेमान यांच्या ऑर्गेनॉन या मूळ ग्रंथाच्या सातव्या सूत्रात, रोग टिकवून धरणारे उघड कारण असेल तर ते आधी दूर करावे, असे सांगितले आहे. ७७ व्या सूत्रात ते आणखी पुढे जातात. अपायकारक खाण्यापिण्यामुळे किंवा टाळता येण्याजोग्या इतर गोष्टींमुळे जी दुखणी रेंगाळतात, त्यांना जुनाट रोग म्हणणेच त्यांना मान्य नाही. अंगात मूळ मायझम (सोरासारखे रोगाचे मूळ) नसेल तर राहणी सुधारताच ती दुखणी आपोआप ओसरतात, असे त्यांचे म्हणणे आहे. आता एखाद्याला सिलियाक हा गव्हातील ग्लूटेनने आतडे झिजवणारा आजार असेल, तर त्याच्यासाठी गहू हे ते टिकवून धरणारे कारण आहे आणि ते जन्मभर तसेच राहते. म्हणजे हानेमान यांचेच सूत्र लावायचे तर गहू कायमचा काढायला हवा. गोळ्या घेऊन गहू पुन्हा सुरू करा, असे सांगायला ऑर्गेनॉनमध्ये मला कोठेही आधार दिसत नाही.

पथ्याविषयीही थोडे लिहितो, कारण आपल्याकडे त्याबाबत बराच घोळ आहे. २५९ पासून २६३ पर्यंतची सूत्रे आहाराविषयी आहेत. २६० व्या सूत्राच्या तळटीपेत टाळायच्या पदार्थांची लांबलचक यादी आहे. तीत कॉफी, चहा, मसालेदार चॉकलेट, सुगंधी द्रव्ये, कांदा, जुने चीज असे कितीतरी पदार्थ येतात. औषधाची मात्रा अतिशय सूक्ष्म असल्याने औषधी गुणाच्या इतर पदार्थांनी तिच्या कार्यात अडथळा येऊ नये, हे त्यामागचे कारण दिलेले आहे. गोड गोळ्या सुरू असताना कॉफी, कच्चा कांदा, लसूण, हिंग बंद ठेवण्याची आपल्याकडची प्रथा तेथूनच आली. त्या यादीत गहू नाही, ज्वारीही नाही. असण्याचे कारणही नव्हते, कारण हानेमान १८४३ मध्ये वारले, आणि सिलियाकचा गव्हाशी असलेला संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० च्या सुमारास सिद्ध केला. महायुद्धातील १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये अन्नाचा दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला आणि तेव्हा ही आजारी मुले सुधारली. पाव परत येताच ती पुन्हा आजारी पडली. डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता, आणि त्या हिवाळ्याने तो पक्का केला.

आपल्या डॉक्टरांवरचा विश्वास मोडू नका. त्यांच्याकडेच जाऊन तपासणीची चिठ्ठी मागा. रक्तक्षय हटत नाही, थायरॉइड आहे आणि गव्हाने पोट बिघडते, इतके एकत्र आले की मी स्वतः रुग्णाला पोटाच्या तज्ज्ञांकडे पाठवतो आणि त्यात मला कोणताही कमीपणा वाटत नाही.

होटगी रोड

वरील डॉक्टरांनी योग्य दिशा दाखवली आहे. मी पॅथॉलॉजिस्ट असल्यामुळे तपासणीच्या बाजूचे लिहिते.

गव्हाने होणाऱ्या त्रासाचे मुख्यतः तीन प्रकार आहेत. सिलियाकमध्ये ग्लूटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा लहान आतड्याच्या स्वतःच्याच अस्तरावर हल्ला करते आणि अन्नरस शोषून घेणारे तेथील बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे झिजून सपाट होतात. गव्हाची अ‍ॅलर्जी हा वेगळा आजार आहे; त्यात खाल्ल्यावर थोड्याच वेळात अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, धाप लागणे अशी लक्षणे दिसतात. तिसऱ्या प्रकारात या दोन्ही तपासण्या निर्दोष येतात, तरी गहू खाल्ला की पोट फुगते. या तिसऱ्या गटातील पुष्कळ लोकांना ग्लूटेनपेक्षा गव्हातील फ्रुक्टान नावाच्या कर्बोदकाचा त्रास होत असावा, असे २०१८ मध्ये नॉर्वेत ५९ जणांवर झालेल्या एका अभ्यासात दिसले. फ्रुक्टान कांद्यात आणि लसणातही भरपूर असते. होमिओपॅथीच्या पथ्यात कांदा-लसूण बंद केल्यावर काही लोकांचे पोट हलके होते, त्याचे एक साधे कारण हेही असू शकते.

आपल्या नणंदेच्या बाबतीत मला पहिल्या प्रकाराचा विचार आधी करावासा वाटतो. लोह मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषले जाते, आणि सिलियाक नेमका तोच भाग आधी खराब करतो. म्हणून लोहाच्या गोळ्या घेऊनही साठा भरत नाही. थायरॉइडची गोळीही आतड्यातूनच शोषली जाते, त्यामुळे मात्रा वाढवत न्यावी लागते. शिवाय प्रतिकारयंत्रणेच्या बिघाडामुळे होणारा थायरॉइडचा आजार आणि सिलियाक हे दोन्ही एकाच व्यक्तीत आढळण्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. पोटाची तक्रार अजिबात नसलेले आणि केवळ रक्तक्षयावरून सापडलेले सिलियाकचे रुग्णही असतात. हा पंजाब-हरियाणाकडचा आजार आहे, असे म्हणून आपल्याकडे तो बरेचदा डोळ्यांआड केला जातो. उत्तर भारतात त्याचे प्रमाण साधारण शंभरात एक आहे आणि दक्षिणेत ते बरेच कमी आढळले आहे, हे खरे. पण कमी म्हणजे नाही असे नव्हे.

तपासणीत टीटीजी-आयजीए आणि एकूण आयजीए (रक्तातील प्रतिपिंडांच्या तपासण्या) ही दोन नावे चिठ्ठीवर असायला हवीत. काही लोकांच्या रक्तात मुळातच आयजीए फार कमी असते आणि त्यांची पहिली तपासणी खोटी निर्दोष येते, म्हणून दुसरी जोडीने करावी लागते. रक्ताचा अहवाल सदोष आला, म्हणजे आजाराची खूण सापडली, तर दुर्बिणीने लहान आतड्याचे तुकडे काढून पाहिले जातात.

अडचण अशी की ही तपासणी गहू खात असतानाच विश्वसनीय असते. गहू बंद केला की प्रतिपिंडे हळूहळू कमी होतात आणि आतडेही भरून येऊ लागते. धान्य आधी सोडा, बरे वाटले की निदान झाले, हा सल्ला म्हणूनच धोक्याचा आहे. तो कोणत्याही पॅथीच्या डॉक्टरने दिलेला असो, त्याने पुढच्या निदानाची वाट अडते. तीन महिन्यांनी प्रतिपिंडे पूर्ण उतरलेली असतीलच असे नाही, म्हणून मी आहे त्या स्थितीतच रक्त तपासा असे सुचवीन. अहवाल सदोष आला तर तो उपयोगी आहे. निर्दोष आला तर मात्र त्यावरून सिलियाक नाही असे म्हणता येणार नाही.

बाजारात अन्नाच्या असहिष्णुतेसाठी शंभर-दोनशे पदार्थांची आयजीजी तपासणी महागड्या दराने विकली जाते. तिच्यावर पैसे घालवू नका. आयजीजी प्रतिपिंडे आपण जे खातो त्याविरुद्ध निरोगी माणसातही तयार होतात, आणि अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटना ही तपासणी निदानासाठी वापरू नये असे सांगतात.

बाळीवेस

ताई, माझ्या मुलाला सिलियाक आहे. तो पहिलीत असताना निदान झाले आणि आता तो महाविद्यालयात आहे, त्यामुळे स्वयंपाकघराच्या बाजूचे थोडे मी लिहिते. आपल्या नणंदेला हे निघो अथवा न निघो, पण सोलापुरात राहणाऱ्या माणसाला ज्वारी बंद करायला सांगितले हे वाचून मला फार लागले. ज्वारीत ग्लूटेन नाही. बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, भगर, राजगिरा यांतही नाही. ग्लूटेन असते ते गहू, जव आणि राय या धान्यांत. ज्या जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रात मालदांडी ३५-१ हे वाण निवडले गेले आणि ज्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेथे गहू सोडावा लागलेल्या माणसाला जेवणाची चिंता करण्याचे कारण नाही. रक्त कमी असलेल्या, वजन उतरलेल्या बाईची भाकरी काढून घेतली तर ती ताकद कोठून आणणार?

खरी अडचण गिरणीत येते. आमच्या निदानानंतरही मुलाचा टीटीजीचा आकडा कितीतरी दिवस खाली येत नव्हता आणि घरात तर गव्हाचा कण नव्हता. मग एकदा मी गिरणीत उभी राहून पाहिले. आधीचे गव्हाचे दळण संपल्यावर गिरणीवाल्या मामांनी त्याच पाट्यांमध्ये आमची ज्वारी ओतली. तोंडाला बांधलेल्या कापडाच्या घडीघडीत पांढुरकी कणीक साचलेली होती, आणि आमच्या डब्यात पडलेले पहिले ओंजळभर पीठ हाताला चिकट लागत होते. सकाळचे पहिले दळण मागूनही उपयोग नाही, कारण पाट्यांमध्ये आदल्या रात्रीचा गहू असतोच. त्यानंतर आम्ही घरघंटी घेतली आणि तिच्यात आजवर गहू घातलेला नाही. ज्यांना ते शक्य नाही, त्यांनी फक्त ज्वारी-बाजरी दळणारी गिरणी शोधावी, किंवा तांदळाचे आणि ज्वारीचे ग्लूटेनविरहित असा उल्लेख असलेले बंद पाकीट वापरावे.

चाळणी वेगळी हवी, कारण तिच्या जाळीतले पीठ कितीही धुतले तरी पुरते निघत नाही. लाकडी पोळपाट-लाटणेही वेगळे ठेवावे. हिंगाकडे कोणाचे लक्ष जात नाही. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा मैदा किंवा कणीक असते, म्हणून डबीवर लिहिलेले घटक वाचल्याशिवाय तो फोडणीत घालू नये. मुलाला होमिओपॅथीची औषधे सुरू होती तेव्हा पथ्य म्हणून हिंग बंद होता आणि त्याला बरे वाटत होते, त्याचे कारण मला पुढे डबीवरच्या बारीक अक्षरांत सापडले. थालीपिठाच्या भाजणीत आणि धपाट्यांच्या पिठात गहू घालण्याची पद्धत आहे. जत्रेतल्या महाप्रसादाची हुग्गी गव्हाचीच असते, आणि शेंगापोळीचे सारण शेंगदाण्याचे असले तरी पारी गव्हाची असते. कडक भाकरी विकत घेताना तिच्या कारखान्यात गव्हाचे काही होते का, हे विचारून घ्यावे.

आणखी एक सांगते. खपली गहू चालतो, तो जुना आणि पचायला हलका आहे, असे आपल्याला दहा जण सांगतील. खपलीत ग्लूटेन आहे. सिलियाकच्या माणसाला खपली चालत नाही.

आणि लग्नकार्यात घरच्या मोठ्या माणसांना आधीच समजावून ठेवा. आमच्याकडे आग्रह करणाऱ्या आत्याबाई प्रेमाने एकच घास म्हणत, आणि त्या एका घासाचा हिशेब मुलाचे पोट पुढे कितीतरी दिवस देत असे.

अशोक चौक

वरील सर्वांचा आदर राखून थोडे वेगळे मत मांडतो. माझ्या आईला बरीच वर्षे गॅस, आम्लपित्त आणि चपातीने पोट जड होण्याचा त्रास होता. होमिओपॅथीच्या गोळ्यांनी तो पूर्ण थांबला आणि आज ती रोज चपाती खाते. तिची ना एन्डोस्कोपी झाली ना रक्ततपासणी. माझ्या पाहण्यात अशी आणखीही उदाहरणे आहेत. ज्या पद्धतीने इतक्या लोकांना गुण येतो, तिला केवळ तपासणीच्या अहवालाअभावी दुय्यम ठरवणे मला पटत नाही. गोळ्यांनी पचनशक्तीच सुधारली तर गहू पुन्हा पचण्यात अशक्य असे काय आहे? जन्मभर पथ्य करायला सांगणे हे उपचार सोडून देण्यासारखेच आहे, असे मला वाटते.

होटगी रोड

दादा, आपल्या आईंना बरे वाटले हे खरेच आहे आणि त्याबद्दल आनंद आहे. पण त्यांना सिलियाक होता असे आपल्या वर्णनावरून वाटत नाही. आतड्याच्या ज्या तक्रारी येतात-जातात, मनाच्या ताणाने वाढतात आणि विश्रांतीने कमी होतात, त्यांत केवळ दिलासा मिळाल्यानेही फरक पडतो. इरिटेबल बॉवेल या अशाच येत्या-जात्या तक्रारींच्या विकारावरील औषधांच्या चाचण्यांमध्ये बिनऔषधी गोळी दिलेल्या गटातही तीस ते चाळीस टक्के लोकांना बरे वाटल्याचे दिसते. तासभर मन लावून ऐकणारा डॉक्टर, नियमित जेवण आणि कमी झालेला चहा-कॉफीचा मारा यांचा वाटा त्यात असतोच. ३० सी शक्तीच्या (म्हणजे तीस वेळा शंभरपट पातळ केलेल्या) औषधात मूळ द्रव्याचा एकही रेणू उरण्याची शक्यता व्यवहारात नसते, कारण १२ सी च्या सुमारासच ती मर्यादा ओलांडली जाते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वसनीय पुरावा एकाही आजाराबाबत तिला आढळला नाही.

सिलियाकमध्ये प्रश्न पचनशक्तीचा नाहीच. ग्लूटेनला शत्रू समजणाऱ्या पेशींची आठवण शरीर पुसत नाही, म्हणून दहा वर्षांनी गहू सुरू केला तरी आतडे पुन्हा झिजते, आणि कधीकधी पोटाला काहीही न जाणवता झिजते. बरे वाटणे हा इथे भरवशाचा पुरावा ठरत नाही, ते याच कारणाने. एका अभ्यासात पथ्य पाळणाऱ्या रुग्णांना रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिले, तर आतड्याला इजा झालेली दिसली. कणकेत ग्लूटेन साधारण दहा टक्के धरले, तर ही मात्रा अर्धा ग्रॅम कणकेत, म्हणजे चिमटीत मावेल इतक्या पिठात येते. दुर्लक्ष झाले तर पुढे हाडे ठिसूळ होतात, गर्भधारणेत अडचणी येतात आणि क्वचित आतड्याचा कर्करोगही होतो. एकतीस वर्षांच्या स्त्रीच्या बाबतीत ही जोखीम कोणी घ्यावी?

सात रस्ता

होमिओपॅथीच्या पुराव्याबाबत होटगी रोड यांच्याशी माझे पूर्ण एकमत नाही. रुग्णांना गुण येताना मी रोज पाहतो, आणि त्यातील किती वाटा औषधाचा व किती संवादाचा हा वाद येथे मिटणारा नाही. पण सिलियाकमध्ये गोळ्यांनी गहू पचू लागतो या दाव्याच्या बाजूने मी उभा राहू शकत नाही. आतड्याचा तुकडा तपासून निदान पक्के केलेला, होमिओपॅथीचे औषध घेऊन पुन्हा रोज गहू खाणारा आणि तरीही अस्तर शाबूत राहिलेला एकही रुग्ण माझ्याकडे नाही.

अशोक चौक यांनी जन्मभराच्या पथ्याला उपचार सोडणे म्हटले आहे. माझ्या मते या आजारात पथ्य हाच उपचार आहे, आणि चौथ्या सूत्रात हानेमान यांनी वैद्याला आरोग्याचा रक्षक म्हटले आहे ते याच अर्थाने : आरोग्य बिघडवणाऱ्या गोष्टी कोणत्या आणि त्या माणसापासून दूर कशा ठेवायच्या, हे त्याला कळले पाहिजे. निदानानंतर आमच्याकडे येणाऱ्या अशा रुग्णाच्या झोपेसाठी, चिंतेसाठी, इतर बारीकसारीक तक्रारींसाठी कोणी होमिओपॅथी घेत असेल तर घ्यावी. लोह, जीवनसत्त्वे आणि थायरॉइडची गोळी मात्र थांबवू नये. साबुदाण्यासारख्या गोळ्या उसाच्या साखरेच्या असतात आणि चपट्या गोळ्या व पूड दुधातील साखरेची. आतडे खराब असताना दूध पचत नसेल तर साखरेच्या गोळ्याच मागाव्यात. चपट्या गोळ्यांमध्ये बांधणीसाठी कोणता स्टार्च वापरला आहे, हेही एकदा विचारून घ्यावे.

जुळे सोलापूर

आपण सर्वांनी इतका वेळ देऊन लिहिलेत, याबद्दल मनापासून आभारी आहे. नणंदेला हे सगळे वाचून दाखवले. आजपासून तिने ज्वारीची भाकरी आणि भात पुन्हा सुरू केला आहे. तिच्या होमिओपॅथिक डॉक्टरांशीही बोलणे झाले. तपासणीला त्यांची हरकत नाही आणि चिठ्ठी द्यायला ते तयार आहेत. एक शंका राहिली. रक्ताची तपासणी निर्दोष आली आणि निदानासाठी पुन्हा गहू खाण्याची वेळ आली, तर तिला त्याची फार भीती वाटते. नेमके किती आणि किती दिवस खावे लागते? आणि घरातील इतरांचीही तपासणी करावी लागेल का?

होटगी रोड

ताई, त्या वेळी आधी एचएलए-डीक्यू२ आणि डीक्यू८ ही जनुकीय तपासणी करता येते. तिच्यासाठी गहू खावा लागत नाही. ही दोन्ही जनुके नसतील तर सिलियाकची शक्यता जवळजवळ संपते आणि गहू खाऊन पाहण्याचा प्रश्नच उरत नाही. जनुके आढळली म्हणजे मात्र आजार आहे असे होत नाही, कारण ती तीस-चाळीस टक्के निरोगी लोकांतही असतात. तेव्हा मग गहू सुरू करून तपासावे लागते. साधारणपणे किमान सहा आठवडे, दिवसातील एकाहून अधिक जेवणांत गव्हाचा पदार्थ घ्यावा असे सांगितले जाते. त्रास फार होत असेल तर मुदत कमी कशी करायची हे पोटाचे तज्ज्ञ ठरवतील. हा प्रयोग त्यांच्या देखरेखीखालीच करावा, आणि हिमोग्लोबिन थोडे वर आल्यावर केला तर तिला झेपेल. लग्नकार्य त्या मुदतीत आले तर तिने पुरणपोळी खायला हरकत नाही, पण मुदत संपून दुर्बिणीची तपासणी पूर्ण होण्याआधी गहू पुन्हा बंद करू नये.

निदान पक्के झाले, तर तिचे आई-वडील आणि सख्खी भावंडे, म्हणजे आपले यजमानही, यांचे टीटीजी तपासून घ्यावे, कारण जवळच्या रक्ताच्या नात्यात सुमारे दहा जणांत एकाला हा आजार निघतो. आपल्या मुलांची तपासणी यजमानांचा अहवाल आल्यावर ठरवता येईल.

रक्त देताना गहू केव्हापासून बंद आहे हे लॅबमध्ये सांगून चिठ्ठीवर लिहून घ्या, म्हणजे अहवाल वाचणाऱ्याची दिशाभूल होणार नाही. अहवालातील आकडा आणि लॅबची मर्यादा दोन्ही जपून ठेवा. निदान झाले तर सहा महिन्यांनी आणि पुन्हा वर्षाने तीच तपासणी शक्यतो त्याच लॅबमध्ये करावी लागते. आकडा उतरत नसेल तर पहिली चौकशी गिरणी, चाळणी आणि हिंगाच्या डबीची करायची.